'ट्रिपल-ई' जहाजे : आकाराचा लाभ आणि त्याची किंमत

जगाचा परदेशी व्यापार प्रामुख्याने समुद्रमार्गे चालतो. कापड, यंत्रसामग्री, औषधे, फळे आणि घरगुती वापराच्या असंख्य वस्तू आज पोलादी कंटेनरमधून एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात. ही वाहतूक करणाऱ्या जहाजांचा आकार गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढत गेला. या वाढीतील एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे डेन्मार्कच्या मर्स्क लाइन या नौवहन कंपनीने दक्षिण कोरियात बांधून घेतलेली 'ट्रिपल-ई' वर्गातील जहाजे होत. त्यांची रचना, त्यामागील हिशेब आणि त्या हिशेबातून सुटलेल्या बाबी यांचा अभ्यास उद्‌बोधक आहे. मोठ्या आकारामुळे होणारी बचत नेमकी कोणाच्या पदरात पडते आणि तिच्यासाठी लागणारा खर्च कोण करतो, हा प्रश्न या अभ्यासातून पुढे येतो. किनारपट्टीवर नवे बंदर उभे राहत असताना महाराष्ट्रालाही तो दूरचा राहिलेला नाही.

कंटेनर युगाचा प्रारंभ

कंटेनर येण्यापूर्वी जहाजावरील माल पोती, पिंपे, गासड्या आणि खोकी या स्वरूपात चढविला व उतरविला जात असे. एका जहाजासाठी शेकडो हमालांना अनेक दिवस राबावे लागे. जहाजाचा बराच काळ प्रवासाऐवजी धक्क्यावर उभे राहण्यात जाई. अमेरिकेतील ट्रक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांनी २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' या जहाजातून ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविले. आधुनिक कंटेनर वाहतुकीचा आरंभ याच प्रवासापासून मानला जातो. पुढे कंटेनरची मापे आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरविण्यात आली. त्यामुळे एकच पेटी ट्रकवरून आगगाडीवर आणि आगगाडीवरून जहाजावर, आतील मालाला हात न लावता, नेणे शक्य झाले. आजही जहाजाची क्षमता वीस फूट लांबीच्या कंटेनरच्या संख्येत मोजतात.

एकदा मापे ठरल्यावर जहाजे मोठी होऊ लागली. प्रदीर्घ काळ पनामा कालव्याने या वाढीला मर्यादा घातली होती. त्याच्या जुन्या जलपाशांची रुंदी सुमारे ३३.५ मीटर असल्याने त्याहून रुंद जहाज तेथून जाऊ शकत नसे. आशिया-युरोप मार्गावरील जहाजांना मात्र पनामा कालव्याची गरज नव्हती. त्यांचा मार्ग सुएझ कालव्यातून जातो आणि सुएझमध्ये जलपाश नाहीत. त्यामुळे पनामाची मर्यादा ओलांडणारी महाकाय जहाजे याच मार्गासाठी बांधली जाऊ लागली.

मर्स्कची मागणी

मर्स्क कंपनीची मुळे १९०४ साली आर्नोल्ड पीटर मोलर आणि त्यांचे वडील यांनी डेन्मार्कमधील स्वेंडबोर्ग येथे सुरू केलेल्या नौवहन व्यवसायात आहेत. २००६ मध्ये या कंपनीने 'एमा मर्स्क' हे त्या काळातील सर्वांत मोठे कंटेनर जहाज सेवेत आणले. ते डेन्मार्कमधील ओडेन्से येथील कंपनीच्या स्वतःच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार झाले होते. पुढे पूर्व आशियातील कारखान्यांच्या स्पर्धेत ओडेन्सेचा टिकाव लागला नाही. २००९ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २०१२ मध्ये तेथील शेवटचे जहाज बाहेर पडले. एमापेक्षाही मोठ्या जहाजांची मागणी त्यामुळे परदेशात नोंदविली गेली.

फेब्रुवारी २०११ मध्ये मर्स्कने दक्षिण कोरियाच्या देवू शिपबिल्डिंग अँड मरीन इंजिनिअरिंग या कंपनीकडे दहा जहाजांची मागणी नोंदविली. प्रत्येक जहाजाची किंमत सुमारे १९ कोटी डॉलर होती. त्याच वर्षी जून महिन्यात आणखी दहा जहाजांची भर पडली. ही वीस जहाजे ओक्पो येथील कारखान्यात बांधण्यात आली. पहिल्या जहाजाचे नामकरण जून २०१३ मध्ये झाले. संस्थापकांचे पुत्र मर्स्क मॅक-किन्नी मोलर यांनी अनेक दशके कंपनीची धुरा वाहिली होती आणि एप्रिल २०१२ मध्ये ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. पहिल्या जहाजाला त्यांचेच नाव देण्यात आले.

'ट्रिपल-ई' या नावातील तीन 'ई' म्हणजे तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. मोठ्या प्रमाणामुळे होणारी काटकसर, ऊर्जेचा कार्यक्षम वापर आणि पर्यावरणाची कमी हानी हे त्यांचे तीन अर्थ आहेत.

जहाजाची रचना

ही जहाजे सुमारे ४०० मीटर लांब आणि ५९ मीटर रुंद आहेत. क्रीडांगणावरील ४०० मीटरची धावपट्टी सरळ रेषेत मांडली तर तिची लांबी या जहाजाएवढी होईल. क्षमता १८,००० कंटेनरहून अधिक आहे. इतके वीस फुटी कंटेनर एकापुढे एक ठेवले तर सुमारे ११० किलोमीटरची रांग तयार होईल. भारतातील ४५ वाघिणींची कंटेनर गाडी एका थरात ९० कंटेनर नेते. त्या मानाने एका जहाजावरील माल वाहून नेण्यासाठी अशा २०० गाड्या लागतील.

'एमा मर्स्क'च्या तुलनेत हे जहाज लांबीला व रुंदीला प्रत्येकी सुमारे तीनच मीटरने मोठे आहे. तरीही त्यात सुमारे २,५०० कंटेनर, म्हणजे १६ टक्के माल अधिक मावतो. ही वाढ मुख्यतः रचनेतील बदलांमुळे साधली. वेगवान जहाजाचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा निमुळता असतो. ट्रिपल-ईचा तळ 'यू' अक्षरासारखा रुंद ठेवल्याने तळाकडील भागात कंटेनरना अधिक जागा मिळाली. जहाज चालविण्याचा कक्ष पुढे आणि इंजिने मागे नेण्यात आली. पुढील समुद्र अधिकाऱ्यांना पुरेसा दिसला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हा कक्ष मागे असेल तर त्याच्या पुढचे कंटेनर फार उंच रचता येत नाहीत. तो पुढे आणल्यावर त्याच्या मागील विस्तीर्ण भागात अधिक थर रचणे शक्य झाले. रुंदीच्या दिशेने कंटेनरच्या २३ ओळी बसू लागल्या. एमावर त्या २२ होत्या. फळे, मासे, मांस अशा नाशवंत मालाच्या ६०० शीत कंटेनरना वीज पुरविण्याची सोयही या जहाजांवर आहे.

एमावर सुमारे ८०,००० किलोवॅट शक्तीचे एकच प्रचंड इंजिन होते. ट्रिपल-ईवर प्रत्येकी सुमारे ३०,००० किलोवॅटची दोन इंजिने व दोन पंखे आहेत. जहाज मोठे झाले, तरी एकूण शक्ती घटली. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंपासून वाफ निर्माण करून तिच्यापासून ऊर्जा मिळविण्याची यंत्रणाही बसविण्यात आली. इतक्या मोठ्या जहाजाचे कामकाज पंचवीसहून कमी कर्मचारी सांभाळू शकतात.

काटकसरीचे गणित

मोठे जहाज स्वस्त का पडते, हे शाळेतील भूमितीच्या साहाय्याने समजावून देता येते. एखाद्या पेटीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर तिच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि घनफळ आठपट होते. पोलादाचा खर्च आणि पाण्याचा विरोध यांचा संबंध मुख्यतः पृष्ठभागाशी असतो, तर वाहून नेता येणाऱ्या मालाचा संबंध घनफळाशी असतो. म्हणून आकार वाढत जातो तसा प्रत्येक कंटेनरमागील खर्च कमी होत जातो. कर्मचारीही मालाच्या प्रमाणात वाढवावे लागत नाहीत.

दुसरे गणित वेगाचे आहे. जहाजाला लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, २५ नॉट वेगाने जाणाऱ्या जहाजाचा वेग २० नॉटवर आणला. वेग एक पंचमांशाने घटला, परंतु तासाला लागणारे इंधन जवळजवळ निम्म्यावर आले. प्रवासाला वेळ अधिक लागतो हे लक्षात घेतले, तरी त्याच अंतरासाठीच्या एकूण इंधनात सुमारे ३६ टक्के बचत होते. सुमारे १०,००० सागरी मैलांच्या प्रवासाला पहिल्या वेगाने साडेसोळा दिवसांहून थोडा अधिक काळ लागेल, तर दुसऱ्या वेगाने जवळजवळ एकवीस दिवस लागतील. इंधनाची बचत चार दिवसांच्या विलंबातून मिळाली, असा त्याचा अर्थ आहे.

२००८ च्या आर्थिक मंदीनंतर माल घटला, इंधन महागले आणि जहाजे मात्र गरजेपेक्षा अधिक झाली. अशा वेळी संथ प्रवास कंपन्यांना दुहेरी सोयीचा वाटला. एका फेरीला आठ आठवडे लागत असताना साप्ताहिक सेवेसाठी आठ जहाजे पुरत. फेरी दहा आठवड्यांची झाली की दहा जहाजे लागतात. इंधन वाचले आणि रिकाम्या जहाजांना कामही मिळाले. ट्रिपल-ई जहाजे आरंभापासूनच अशा संथ प्रवासासाठी योजली गेली होती. त्या काळात इतर कंपन्यांसाठी तयार होत असलेल्या १३,१०० कंटेनर क्षमतेच्या जहाजांशी तुलना करता त्यांना प्रत्येक कंटेनरमागे सुमारे ३५ टक्के कमी इंधन लागेल, असे मर्स्कने जाहीर केले होते. एमाच्या तुलनेत कार्बन डायॉक्साइडचे उत्सर्जन प्रत्येक कंटेनरमागे २० टक्क्यांनी कमी होईल, असाही कंपनीचा दावा होता.

स्पर्धा आणि तिचे परिणाम

ट्रिपल-ईचा पहिला क्रमांक फार काळ टिकला नाही. २०१४ च्या अखेरीस चीनच्या एका कंपनीचे १९,००० कंटेनरहून अधिक क्षमतेचे जहाज पाण्यात उतरले. २०१७ मध्ये २०,००० चा टप्पा ओलांडला गेला. मर्स्कनेही २०१५ मध्ये आणखी अकरा जहाजांची मागणी नोंदविली आणि त्यांपैकी २०,५६८ कंटेनर क्षमतेचे 'माद्रिद मर्स्क' २०१७ मध्ये दाखल झाले. २०२३ मध्ये सेवेत आलेल्या 'एमएससी इरिना'ची क्षमता २४,३४६ कंटेनर आहे. लांबी मात्र ४०० मीटरच्या आसपासच राहिली. जहाजे रुंद होत गेली आणि कंटेनरचे थर उंच होत गेले.

प्रत्येक कंपनीला स्वतःपुरता हा निर्णय योग्य वाटत होता. सर्वांनी तो घेतल्यावर एकूण क्षमता मालापेक्षा अधिक झाली आणि वाहतुकीचे भाडे कोसळले. दक्षिण कोरियाच्या हानजिन शिपिंग कंपनीने ऑगस्ट २०१६ अखेर न्यायालयाकडे संरक्षण मागितले. आपले शुल्क बुडेल या भीतीने अनेक बंदरांनी तिच्या जहाजांना धक्क्यावर घेण्यास नकार दिला. हजारो व्यापाऱ्यांचा माल कित्येक दिवस समुद्रावरच अडकून पडला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोर घोषित झाली. उरलेल्या कंपन्यांचे विलीनीकरण झाले किंवा त्यांनी परस्परांशी करार करून जहाजांतील जागा वाटून घेतली. माल पाठविणाऱ्याला निवड करण्यास त्यामुळे कमी वाव राहिला.

मोठ्या जहाजांबरोबर धोकाही एका ठिकाणी एकवटतो, याचा प्रत्यय मार्च २०२१ मध्ये आला. ४०० मीटर लांबीचे 'एव्हर गिव्हन' हे जहाज २३ मार्च रोजी सुएझ कालव्यात आडवे अडकले. ते २९ मार्चला मोकळे होईपर्यंत चारशेहून अधिक जहाजे दोन्ही बाजूंना ताटकळत राहिली.

जमिनीवरील खर्च

जहाजाच्या कार्यक्षमतेचा हिशेब करताना ते ज्या बंदरात येते त्या बंदराचा हिशेब बहुधा बाजूला राहतो. पूर्ण भरलेल्या ट्रिपल-ई जहाजाचा सुमारे १६ मीटर भाग पाण्याखाली असतो. त्यासाठी खोल जलमार्ग, २३ ओळींच्या पलीकडे पोहोचणाऱ्या उंच क्रेन, भक्कम धक्के आणि विस्तीर्ण मालतळ लागतात. एका भेटीत काही हजार कंटेनर उतरले की चार-दोन दिवस फाटक, रस्ते आणि रेल्वे यांवर ताण पडतो. जहाज गेल्यावर हीच साधने काही काळ रिकामी राहतात. जलमार्ग खोल करणे, रस्ते बांधणे आणि रेल्वे वाढविणे ही कामे बहुतांशी सार्वजनिक निधीतून होतात. इंधनाची बचत मात्र प्रथम जहाज कंपनीच्या खात्यात जमा होते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय परिवहन मंचाने २०१५ मध्ये या विषयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १५,००० कंटेनरच्या जहाजावरून १९,००० च्या नव्या जहाजाकडे जाताना होणाऱ्या बचतीपैकी ५५ ते ६३ टक्के बचत कमी वेगासाठी केलेल्या रचनेमुळे होते, असे त्यात आढळले. निव्वळ आकाराचा वाटा त्याहून कमी होता. महाकाय जहाजांमुळे वाहतूक साखळीवर वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलरचा अतिरिक्त भार पडू शकतो, असा अंदाजही त्यात मांडण्यात आला. गाळ उपसणे, बंदरातील सामग्री आणि पायाभूत सुविधा असे त्या भाराचे जवळजवळ समान तीन भाग होते.

जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. समुद्रापासून आत, एल्ब नदीकाठी असलेल्या या बंदरात मोठी जहाजे यावीत म्हणून नदी खोल करण्याचे ठरले. पर्यावरण संघटनांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि अनेक वर्षांच्या वादानंतर २०१९ मध्ये काम सुरू झाले. पूर्ण खोली २०२२ च्या जानेवारीत उपलब्ध झाली, परंतु त्याच वर्षी साचलेल्या गाळामुळे जहाजांना पुन्हा मर्यादा घालावी लागली. नदीची खोली एकदा वाढवून काम संपत नाही, ती सतत राखावी लागते, हे यावरून स्पष्ट झाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील कंटेनर वाहतुकीचे प्रमुख केंद्र न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख कंटेनरची हाताळणी केली. येथील एक कंटेनर धक्का चालविण्यात मर्स्क समूहातील कंपनीचा सहभाग आहे. जलमार्गाच्या खोलीकरणानंतरही सुमारे १५ मीटरपर्यंत बुडणाऱ्या जहाजांना येथे भरतीचा आधार घ्यावा लागतो. १६ मीटर पाणी मागणारी जहाजे पूर्ण भारानिशी येथे येणे त्यामुळे कठीण आहे. भारताचा पुष्कळ माल कोलंबो व सिंगापूर यांसारख्या परदेशी बंदरांत एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चढविला जातो, त्यामागे खोलीचा हा प्रश्न एक प्रमुख कारण राहिला आहे.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे शीत कंटेनरमधून युरोपला जातात. त्या उत्पादकाला वाहतुकीच्या दराइतकेच दिवसही मोलाचे असतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेली. २०२४ च्या द्राक्ष हंगामात प्रवास लांबला आणि भाडेही वाढले. जहाजाचा मार्ग व वेग कंपनीच्या कार्यालयात ठरतो, त्याचा परिणाम मात्र बागाईतदाराच्या हिशेबवहीत उमटतो.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के सहभाग आहे. येथील सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली ट्रिपल-ईसारख्या जहाजांना पुरेशी ठरणारी आहे. प्रत्येकी १,००० मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के आणि १,४४८ हेक्टर क्षेत्रावर समुद्रातील भराव अशी त्याची योजना आहे.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. मासेमारीची ठिकाणे, डायमेकिंगसारखे घरगुती व्यवसाय, बागायती आणि किनाऱ्याची स्थिती यांविषयी स्थानिक मच्छीमार व ग्रामस्थांनी दीर्घकाळ आक्षेप नोंदविले आहेत. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये दिलेली परवानगी अटींसह आहे. या अटींचे पालन, बाधित कुटुंबांचे पुनर्वसन, तरुणांचे प्रशिक्षण आणि वाढत्या अवजड वाहतुकीसाठी गावरस्त्यांची आखणी ही कामे ग्रामपंचायती, महसूल यंत्रणा आणि शिक्षणसंस्था यांच्या जागरूकतेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहतील.

पुढील दिशा

आकाराच्या स्पर्धेत दीर्घकाळ आघाडीवर राहिलेल्या मर्स्कने पुढे आपली दिशा काहीशी बदलली. कंपनीने २०२१ मध्ये मिथेनॉल इंधनावरही चालू शकणाऱ्या, सुमारे १६,००० कंटेनर क्षमतेच्या जहाजांची मागणी नोंदविली. त्यांपैकी पहिले 'अ‍ॅने मर्स्क' जानेवारी २०२४ मध्ये तयार झाले. त्याची लांबी सुमारे ३५० मीटर, म्हणजे ट्रिपल-ईपेक्षा कमी आहे. अधिक बंदरांत जाण्याची सोय आणि इंधनाचा प्रकार या गोष्टींना आकाराइतकेच महत्त्व आल्याचे यावरून दिसते. इतर काही कंपन्या मात्र २४,००० कंटेनरची जहाजे बांधून घेत राहिल्या. त्यामुळे बंदरांना दोन्ही शक्यता ध्यानात घेऊनच नियोजन करावे लागेल.

ट्रिपल-ई जहाजांनी कमी इंधनात अधिक माल नेता येतो हे सिद्ध केले, आणि ही उपलब्धी निश्चितच मोठी आहे. परंतु तिचा हिशेब जहाजाच्या डेकवर पूर्ण होत नाही. उपसलेला गाळ, रुंदावलेला रस्ता, बदललेला किनारा आणि शेतमाल बाजारात पोहोचण्यास लागलेले दिवस या साऱ्यांची नोंद त्यात व्हावयास हवी. समुद्रावरील बचत आणि जमिनीवरील खर्च एकाच ताळेबंदात मांडले गेले, तरच महाकाय जहाजांचा लाभ बंदरामागील गावांपर्यंत पोहोचू शकेल.